पंगतीचा फोटो

करी रोड,
९ फेब्रुवारी १९५६

राजूताई,

नमस्कार दारात येऊन घातला असता, पण तुझ्या दारात यायची मला बंदी आहे. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबांनी घराबाहेर काढलं, आणि तुझ्या श्यामकांतरावांनी "त्या मवाल्याला जिना चढू देऊ नका" असं गड्याला बजावलं. सख्ख्या मावशीची तू मुलगी, आणि तुझ्याशी बोलायला मला पोस्टाचं तिकीट लावावं लागतंय!

काम आहे म्हणून लिहितो. गेल्या महिन्यात गोळीबार झाला त्यानंतर इथे काय उरलंय ते तुमच्या गल्लीतून दिसणार नाही. मुंबई महाराष्ट्राला द्या म्हटलं एवढ्यावरून कुणाचा मुलगा गेला, कुणाचा नवरा तुरुंगात आहे, कुणाला गिरणीच्या फाटकातून आत घेत नाहीत. आमच्या धनजी चाळीत अशा खोल्या आहेत की चूल दोन दोन दिवस थंड. गंगुबाई म्हणून मालवणकडच्या एक बाई पहिल्या मजल्यावर खानावळ चालवतात. त्यांच्या गावचे पंधरा-वीस गिरणीकामगार तिथे जेवायचे. आता दाराशी सत्तर माणसं येऊन बसतात आणि बाई कुणाला नाही म्हणत नाहीत. भांडी आहेत, हात आहेत, धान्य संपत आलंय.

तुझ्या सासूबाईंच्या नावाचा 'यशोदाबाई स्मारक अन्ननिधी' आहे, त्याची तू चिटणीस. मग दे ना अनुदान! वार्षिक सभेत चहा-केळ्यांवर जेवढं उडतं तेवढ्यात आम्ही आठवडा काढू.

आणखी एक, हे तुझ्यापाशीच ठेव. गंगुबाईंचा मुलगा जयवंत गोळीबाराच्या दिवशी जखमींना हातगाडीवर घालून इस्पितळात नेत होता. पोलिसांनी त्याला चौकी जाळल्याच्या खटल्यात गोवलंय. वॉरंट आहे. सापडला तर हाडं मोडतील आणि वर वर्षानुवर्षं आत टाकतील. तो कुठे आहे ते मलाही ठाऊक नाही.

त्याला एक बहीण आहे. बकुळा. तिच्याबद्दल नंतर लिहीन.

तुझा,
अच्युत

ता.क. नंतर कशाला? ताई, ती भाताचं पातेलं उचलते तेव्हा मला माझे हात कापून टाकावेसे वाटतात. काही उपयोगाचे नाहीत म्हणून.


गिरगाव,
१४ फेब्रुवारी १९५६

चि. अच्युत,

आशीर्वाद आहेतच, कान पिळायचा मात्र राहिलाय. तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग रडले, मग समितीपुढे अर्ज ठेवला. पहिला हप्ता मंजूर झाला. तांदूळ, तूरडाळ, कुळीथ आणि तेल. शिवडीच्या गुदामातून गाडी निघेल, तू दारात हजर राहा आणि कुणाशी भांडू नकोस.

समितीच्या अटी आहेत. कुठल्या पक्षाचा झेंडा नको, जेवताना घोषणा नकोत, निधीची पाटी दर्शनी लावायची. दुसरा हप्ता पाडव्याच्या सुमाराला मिळेल, पण अन्न खरोखर गरजूंच्या पोटात गेलं याची समितीची खात्री पटली तरच. नाही पटली तर माझ्या हातात काही नाही.

आणि अरे, वॉरंट वगैरे असलं पत्रातून लिहीत जाऊ नकोस. आमच्याकडे टपाल आधी हे उघडतात. त्यात वाईट हेतू नाही, सवय आहे त्यांची. सरकारी नोकरीतल्या माणसाला घरातलं सगळं ठाऊक असावं लागतं असं म्हणतात.

ही बकुळा कोण? वय काय? शिकलीय का? मावशीला कळलं तर ती अंथरूण धरेल.

राजूताई


करी रोड,
२६ फेब्रुवारी १९५६

ताई,

तू देवी आहेस. तुझी समिती नाही, पण तू आहेस.

धान्य पोचलं. पहिल्या दिवशी काय झालं ते ऐक. पाटी लावली, पंगत मांडली, आणि एक माणूस बसेना! सगळे गॅलरीत उभे, खाली बघताहेत. मी तावातावाने भाषण करायला लागलो, अन्न हा तुमचा हक्क आहे वगैरे. गंगुबाईंनी मला बाजूला सारलं. म्हणाल्या, "गप रे झिला. फुकटचा खावक ह्ये भिकारी न्हय." त्यांनी दाराशी एक रिकामी टोपली ठेवली. जेवायला येणाऱ्याने मूठभर तांदूळ टाकायचे. तांदूळ नसले तर जळणाची काटकी, नाहीतर नळावरची एक घागर. मग पाच मिनिटांत पंगत भरली. आमच्या मजल्यावरचे लवूमामा म्हातारे, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते आपल्या दाराची फळकुटाची पट्टी उपटून घेऊन आले!

तुझ्या समितीला हे सांगू नकोस. "मूठभर तांदूळ आहेत तर अनुदान कशाला?" असं विचारायला त्या बायका कमी करायच्या नाहीत.

बकुळा एकोणीस वर्षांची आहे. सातवी शिकलीय. मला 'कालेज' म्हणते. "ओ कालेज, डाळीत मीठ घातलंत की भाषण?" काल मी तिला म्हटलं, तू म्हणशील तर मी कॉलेजात परत जातो. तर म्हणाली, "माझो भाऊ रात्री खंय निजता ते माका ठाऊक नाय, आणि तुमका कालेज सुचता."

जयवंत येतो अधूनमधून. जेवतो आणि जातो. सत्तरांत एक कोण मोजतोय? खानावळीएवढी बिनधोक जागा मुंबईत दुसरी नाही.

तुझ्या पाकिटाचा डिंक ओलसर होता ग. टपालातच भिजलं असेल.

अच्युत


गिरगाव,
६ मार्च १९५६

चि. अच्युत,

तुझी टोपलीची हकीकत वाचून हसले. समितीला सांगितली नाही.

पण समितीने आता छायाचित्र मागितलंय. गेल्या वर्षी एका संस्थेने तपासणीच्या दिवशी भाड्याने माणसं आणून बसवली होती. तेव्हापासून बायका सावध आहेत. पंगत चालू असताना, घास हातात असताना काढलेला फोटो हवा, आणि चेहरे स्पष्ट दिसायला हवेत. वीस मार्चच्या आत आला नाही तर दुसरा हप्ता दादरच्या एका मंडळाला जाईल, त्यांचा अर्ज तयार आहे.

हे मी सुचवलं नाही, यांनी सुचवलं. समितीच्या कामात ते कधी लक्ष घालत नव्हते, हल्ली मात्र आपणहून विचारपूस करतात. तुझीही करतात. मला बरं वाटलं. नातं शेवटी आतून ओढतंच.

राजूताई


करी रोड,
१२ मार्च १९५६

ताई,

फोटो सोबत आहे. आता ऐक, आणि रागावू नकोस.

रविवारी गिरण्या बंद, म्हणून गर्दी जास्त. माझा एक दोस्त दादरला फोटो स्टुडिओत आहे, त्याला दुपारी बोलावलं होतं. जयवंताला आदल्या दिवशीच निरोप दिला होता, उद्या येऊ नकोस. निरोप पोचला नाही. फोटोवाला तिकाटणं उभं करत होता आणि मी बघतो तर हा खांबाशी बसलेला, पानावर पहिला भात वाढलेला. चार दिवसांचा उपाशी होता हे नंतर कळलं.

तो उठायला लागला. गंगुबाईंनी लांबूनच हाताने "बस" म्हटलं. तुला आपल्याकडच्या लग्नातल्या पंगती ठाऊक आहेत, इथे हा नियम त्याहून कडक आहे. पंगतीतून एक जण उठला की सगळ्यांनी उठायचं. पान टाकून. मग ते अन्न कुणी खायचं नाही. ज्या माणसांना दिवसाला एकच जेवण, त्यांची सत्तर पानं एकट्या जयवंतासाठी वाया जायची होती. त्याने लवूमामांच्या पानाकडे बघितलं आणि तो खाली बसला. मान घालून जेवायला लागला.

मी फोटोवाल्याला परत पाठवू शकलो असतो. पण दुसऱ्या रविवारी त्याला वेळ नव्हता आणि तुझी वीस तारीख. आणि खरं सांगू? बकुळा तेवढ्यात डाळ वाढत खांबापाशी आली. दारातून ऊन तिच्यावर पडलं होतं. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही, ताई. मी म्हटलं, "घे."

खटका वाजला आणि त्याच क्षणी जयवंताने मान वर केली.

बकुळाची फक्त पाठ आलीय. खांबाशी बसलेला चेहरा मात्र असा आलाय की पापण्यांचे केस मोजावेत. म्हणून सांगतो, हा फोटो समितीच्या टेबलापुरता ठेव. त्याबाहेर कुणाच्या हाती जाऊ देऊ नकोस. शपथ आहे.

अच्युत


गिरगाव,
२५ मार्च १९५६

चि. अच्युत,

काल वार्षिक सभा झाली. तुझा फोटो बघून बायकांचे डोळे पाणावले. सगळ्या अर्जांत तुमची पंगत पहिली! दुसरा हप्ता आता नक्की समज.

तू चिडशील म्हणून आधीच सांगते. फोटो सभागृहात लावला होता. दरवर्षी लावतात, माझ्या एकटीच्याने नाही म्हणवलं नाही. यांनीच तो मोठा करून आणला होता, केवढा थोरला, चौकटीसकट. पण मी मुद्दाम शेजारी उभी राहिले आणि लोकांकडे बघितलं. कुणी चेहरे बघत नाही रे. सगळे म्हणतात 'बिचारे', आणि पुढे सरकतात. सत्तर माणसांत आपल्याला काय कळणार कोण कोणता?

सभेचे अध्यक्ष मात्र बराच वेळ थांबले. यांचे स्नेही आहेत, पोलिस खात्यात मोठ्या जागेवर. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघत होते. फार कनवाळू माणूस. मला म्हणाले, "वहिनी, याची एक प्रत मला मिळेल का? असं काही समोर असलं की माणूस जमिनीवर राहतो." यांनी लगेच दिली.

उरलेलं भेटीत. आता हे म्हणताहेत की अच्युतला एकदा घरी बोलव.

राजूताई


करी रोड,
२७ मार्च १९५६
(जलद)

ताई,

ती प्रत परत आण.

आजच्या आज. काय सांगायचं ते सांग, चुकीची दिली, चौकट तुटली, सासूबाईंच्या श्राद्धाला हवी. काहीही सांग! कनवाळू? पोलिस खात्यातला माणूस गिरणगावातल्या पंगतीकडे चष्मा पुसून बघतो तो कनवाळूपणाने? तू एवढी भोळी कशी ग?

इथे हवा बरी नाही. समोरच्या फुटपाथवर एक चणेवाला बसायला लागलाय, तो ओरडत नाही. चणे संपले तरी उठत नाही. आणि परवा पंगतीला एक नवा माणूस आला. रीतसर मूठभर तांदूळ टाकून बसला. तो गेल्यावर गंगुबाईंनी टोपली उजेडात धरली. आमच्या रेशनच्या लाल जाड्या तांदळावर बारीक पांढऱ्या कोलमची मूठ! घरी कोलम शिजतो तो माणूस आमच्याकडे कुळथाची पिठी जेवायला कशाला येईल? गंगुबाईंनी ते दाणे निवडून कावळ्यांना घातले.

जयवंताला एका ओळखीच्या होडीवाल्याकडे पाठवलंय. बकुळाला मी सगळं सांगितलं. फोटो का काढू दिला तेही. ती ओरडली नाही. "मागून आणा," एवढंच म्हणाली.

शुक्रवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी पोरं घेऊन येतो. श्यामकांतरावांच्या कचेरीत, सगळ्यांच्या देखत, त्यांची गचांडी धरून विचारतो. मी येणार म्हणजे येणार.

अच्युत


गिरगाव,
२९ मार्च १९५६

चि. अच्युत,

प्रत परत मिळाली. माझ्या कपाटात, लुगड्यांच्या खाली आहे. कुणी काही बघितलेलं नाही. यांचे स्नेही बदलीच्या गडबडीत आहेत, त्यांना त्याची आठवणही नव्हती.

तू निर्धास्त राहा. कचेरीत येऊ नकोस. त्या मुलालाही उगीच दारोदार हिंडवू नका. आईच्या हातचं जेवू दे त्याला.

तुझी,
राजूताई


करी रोड,
९ एप्रिल १९५६

राजलक्ष्मीबाई,

जयवंताला काल नेला.

तुमचं पत्र मी बकुळाला वाचून दाखवलं होतं. दोनदा. "लुगड्यांच्या खाली" ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. तिनेच होडीवाल्याकडे निरोप धाडला, ये म्हणून. माझी ताई खोटं लिहिणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

तो जेवून मोरीत हात धुवत होता. दोन्ही जिने त्यांनी आधीच अडवले होते. एक जण चणेवाला होता, आता टोपी घालून. साहेबाच्या हातात फोटो होता. तुमच्या कपाटातला. त्याने मोरीच्या दारात उभं राहून एकदा फोटोकडे, एकदा जयवंताकडे बघितलं. एकाकडेच. बाकीच्या एकाही माणसाकडे मान वळवली नाही. मी मध्ये पडलो तेव्हा फोटो माझ्या तोंडासमोर आला. सत्तर चेहरे, आणि लाल पेन्सिलीचं वर्तुळ एकच. खांबाशी.

साहेबाने जयवंताला आयुष्यात बघितलेलं नव्हतं. पोलिसांकडे त्याचं चित्र नव्हतं. खांबाशी बसलेला जयवंत आहे हे मुंबईत एकाच कागदावर लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, तुमच्या पत्त्यावर. ते पत्र तुमच्या आधी कोण वाचतं ते तुम्हीच मला सांगितलं होतं. मी गाढव! मी ते सहज वाचलं.

जिन्यात त्यांनी त्याला इतका मारला की खालच्या खोलीतल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. गंगुबाई ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी ताट टाकलं नाही, धरूनच उभ्या राहिल्या. आज सकाळी तुरुंगात चौकशीला गेलो तर म्हणाले, या नावाचा माणूस इथे आलाच नाही. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच.

आज पंगतीला कोणी आलं नाही. धान्य तुमचं म्हणून.

मला एवढंच सांगा. प्रत परत आली असं तुम्हाला त्यांनी सांगितलं, की तुम्ही जाणूनबुजून लिहिलं? एका ओळीत उत्तर द्या. पुढचं मी बघतो.

अच्युत


गिरगाव,
१० एप्रिल १९५६

अच्युता,

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकतेय, यांना न दाखवता. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझं जलद पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, हा पोरगा कचेरीत आला तर त्याला अटक करायला सांगावं लागेल, तुझा भाऊ आहे, तूच ठरव. मग त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. मला वाटलं, तू वाचशील. दुसऱ्या कुणाचा विचार मी केला नाही. आज जेवताना विचारलं त्यांना, त्या मुलाला कुठे ठेवलंय? त्यांनी आमटी मागितली.

दुसरा हप्ता मंजूर झालाय. धान्य हवं तर घ्या, नको तर टाकून द्या, मला तोंड नाही.

पण तू इकडे येऊ नकोस. ते रजेवर आहेत, दिवसभर घरी असतात. तुला वाटतं ते एकटे आहेत, पण तसं नाही. समोरच्या इराण्याकडे दोन माणसं सकाळपासून बसलेली असतात आणि चहा गार करतात. ते तुझीच वाट बघताहेत. तू हात उगारलास की त्यांचं काम झालं. येऊ नकोस, बाळ.

राजूताई


धनजी चाळ, करी रोड,
११ एप्रिल १९५६, दुपार
(हातोहात)

राजलक्ष्मीताईंना,

मी बकुळा. आपली ओळख नाही. हे पत्र लवूमामांबरोबर पाठवते. ते म्हातारे आहेत, त्यांना कोणी अडवणार नाही.

तुमचं पत्र आज टपालाने आलं तेव्हा अच्युत इथे नव्हता. मी फोडलं, माफ करा, आता आमच्यातही ती सवय आली. वाचून मी त्याला शोधायला पळाले. लालबागच्या नाक्यापर्यंत गेले. चहावाला म्हणाला, गेला तो मघाशीच, गिरगावच्या ट्रामने. सकाळी तो आईच्या पाया पडला होता. आईने विचारलं, काय रे, आज कसलो सण? तर म्हणाला, काही नाही, पाडवा आलाय ना. फळीवरचा कोयता जागेवर नाही. त्याने नेला की कोणी उसना नेला मला ठाऊक नाही. मी चाळीत सगळ्यांना विचारलं.

तुमच्या यजमानांना मागच्या जिन्याने कुठेतरी पाठवा. त्यांना वाचवा म्हणून मी सांगत नाही. त्यांचं काय व्हायचं ते होवो. पण तो दार ठोकेल तेव्हा ते समोर दिसता कामा नयेत. तुम्ही उघडा दार. मारलं तर मारून घ्या. त्याचा हात धरा आणि आत ओढा, आणि रात्र होईपर्यंत बाहेर सोडू नका. त्या इराण्याकडच्या माणसांना तो दिसता कामा नये.

फोटो त्याने का काढू दिला ते त्याने मला सांगितलंय. मी त्याला त्यावर काही बोलले नाही. त्याला वाटतं मी त्याचं तोंड बघणार नाही. ते तसं नाही, एवढं त्याला सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा. मग तो ऐकेल.

आमच्या घरातला एक गेला. दुसरा तुमच्या दारात यायला निघालाय.

बकुळा